त्या हिरव्या त्रिकोणाला हात लावू नका

सिंदेवाहीच्या धानपट्ट्यात यादी बिघडली की पहिलं नाव ऑपरेटरचं निघतं. माझंही निघालं. चुकाऱ्यांच्या यादीतल्या काही शेतकऱ्यांचे पैसे बँकेतून परत आले आणि खरेदी केंद्रावर, काट्यापाशी चारचौघांत साहेब म्हणाले, "एन्ट्री म्याडमनं केली, त्यांनाच विचारा." मग काय! "काहून जी म्याडम, शेजाऱ्याचे आले, माझेच काहून नाही?"

2024-25 च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता. चाळीस क्विंटल घातलेल्या माणसाचे 92,000 रुपये अडकले तर तो गोड बोलेल कशाला? त्याच्यावर माझा राग नाही.

पासबुकाच्या झेरॉक्स काढून एकेक नाव ताडून पाहिलं. परत आलेले सगळे एकाच बँकेचे, आणि त्या बँकेचा खाते क्रमांक 16 अंकी. 11 अंकी खातेवाल्यांचे पैसे बिनबोभाट जमा. मग बँकेला गेलेली फाइल उघडली. खात्याच्या रकान्यात पूर्ण आकडे दिसतील असं केलं आणि बघतच राहिले. पहिल्याचा शेवटचा अंक शून्य, दुसऱ्याचा शून्य, खालपर्यंत शून्यच शून्य! पासबुकावर मात्र कुणाचा 7, कुणाचा 3. माझ्या मूळ फाइलीतही तेच, बरोबर.

मी तो रकाना टेक्स्ट करून ठेवला होता. अशा आकड्यांच्या कोपऱ्यात एक्सेल हिरवा त्रिकोण दाखवतं. साहेबांना ती चूक वाटली. यादी स्वच्छ दिसावी म्हणून त्यांनी अख्खा रकाना 'कन्व्हर्ट टू नंबर' केला आणि मला न विचारता फाइल पाठवली. एक्सेल आकड्याचे 15 अंकच जपतं, सोळाव्याच्या जागी शून्य बसवतं. हे दाखवल्यावर साहेब म्हणाले, "अस्सं होय? बरं, दुरुस्त करून द्या." बस्स. काट्यापाशी मात्र कुणी काही सांगितलं नाही.

आता तुमच्या कामाचं.

खाते क्रमांक टाइप करण्याआधी रकाना निवडा, कंट्रोल + 1 दाबा, टेक्स्ट करा. सुरुवातीचं शून्यही टिकतं. नंतर टेक्स्ट केलं तर गेलेला अंक परत येत नाही.

सातबाऱ्यावरचा गट नंबरही असाच. 12/3 लिहिलं की 12 मार्च होतो. यावर हसू नका. मानवी जनुकांना नावं देणाऱ्या जागतिक समितीनं 2020 मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं.

हिरवे त्रिकोण डोळ्यांत खुपत असतील तर फाइल, ऑप्शन्स, फॉर्म्युलाज इथं जाऊन टेक्स्टमधल्या आकड्यांची खूण काढा. आकड्यांना हात लावू नका. फाइल पाठवण्याआधी शेजारच्या रकान्यात इज-टेक्स्टचं सूत्र लावून कंट्रोल + डीनं खाली ओढा. कुठंही 'फॉल्स' आलं की थांबा.

नावं क्रमानं लावताना 'एक्स्पांड द सिलेक्शन'च निवडा. नाहीतर नावं सरकतात, खाती जागीच राहतात आणि एकाचे पैसे दुसऱ्याला जातात.

जुनी यादी कृतिदेवमध्ये आणि नवी युनिकोडमध्ये असेल तर कंट्रोल + एफनं नाव सापडणार नाही. आधी एकाच लिपीसंचात आणा.

वेळ वाचवणाऱ्या कळा सगळ्यांना ठाऊक असतात, तरी सांगते. आजच्या तारखेला कंट्रोल + सेमीकोलन, बेरजेला ऑल्ट + बरोबरचं चिन्ह, फिल्टरला कंट्रोल + शिफ्ट + एल, यादीच्या तळाशी जायला कंट्रोल + खालचा बाण. काम अधूनमधून सेव्ह करा, पेन ड्राइव्हवर प्रत ठेवा.

आणि ऑपरेटर बहिणींनो, भावांनो, फाइल साहेबांच्या हाती देण्याआधी एफ-12 दाबून तारखेच्या नावानं वेगळी प्रत ठेवा, स्वतःच्या मेलवरही पाठवा. माझ्याकडे मूळ फाइल नसती तर आजही मीच चोर असते.

साहेबलोकांना एवढंच सांगणं: यादी बिघडल्यावर आम्हाला बोलावता, तसं यादीला हात लावण्याआधीही बोलवा.