गाडी केव्हा करायची

लोंढ्यात कुत्रं आजारी पडलं की घरात पहिली चर्चा होते ती गाडीची. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा सगळा व्याप गाई-म्हशींचा. कुत्र्याचं रक्त तपासायचं, एक्स-रे काढायचा, दिवसभर सलाईनवर ठेवायचं, तर बेळगाव गाठावं लागतं. खानापूर इथून पंचवीसेक किलोमीटर, बेळगाव पन्नासेक. गंमत अशी की आमचं गाव जंक्शन. मिरज-बेळगावकडची, हुबळीकडची आणि कॅसलरॉकवरून गोव्यात उतरणारी अशा तिन्ही वाटा इथे मिळतात, पण त्या माणसांसाठी. कुत्रं रेल्वेनं न्यायचं तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे किंवा केबिन हवा, नाहीतर पार्सल ऑफिसात नोंद करून गार्डच्या डब्यातल्या पेटीत त्याला घालायचं. तापानं फणफणलेलं जनावर त्या पेटीत कोण घालणार? बस कंडक्टरच्या मर्जीवर. मग राहते भाड्याची गाडी, आणि तिचं भाडं बहुतेक वेळा डॉक्टरांच्या फीच्या वर जातं.

म्हणून माणसं ‘उद्या बघू’ म्हणतात. त्या ‘उद्या’त गेलेली कुत्री मी आमच्याच आळीत पाहिली आहेत. आणि सकाळी पिवळा फेस ओकला एवढ्यावरून घाबरून बेळगावला धावलेली, तिथे उड्या मारणारं कुत्रं घेऊन ओशाळून परतलेली माणसंही पाहिली आहेत. कोणती काळजी गाडी करायच्या लायकीची आणि कोणती नाही, एवढंच मला सांगायचं आहे. मी डॉक्टर नाही, मराठी शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण आहे. चिमी नावाची एक गावठी कुत्री माझ्याकडे आहे. मादी पिल्लू म्हणून कुणीतरी स्टेशनच्या मागे टाकून दिलेली. आपल्याकडे पिल्लांत नराला घर मिळतं आणि मादीला रस्ता.

पाऊस ओसरल्यावर चिमीचं खाणं कमी झालं. लोंढ्याच्या पावसाळ्याबद्दल बाहेरच्याला सांगून पटत नाही. चार महिने भिंतींना ओल, अंथरुणाला वास, आणि मग ऑक्टोबरचं ऊन आलं की गोचीड. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “उपास करतंय ओ बाई, जनावराला कळतं सगळं.” कधीकधी ते खरंही असतं. पण मी थर्मामीटर लावला तर १०४ च्या वर. हिरड्या पाहिल्या तर पांढुरक्या, आणि पोटाच्या कातडीवर लाल टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. संध्याकाळी नाकातून रक्ताचा थेंब आला. गाडी केली.

बेळगावच्या डॉक्टरांनी सुई हातात घेण्याआधी विचारलं: ताप कधीपासून, गोचीड शेवटचा कधी दिसला, लघवीचा रंग कसा, उलटी झाली का, आणि घरी काय काय दिलं? चाळीस वर्षं हजेरी मांडायची सवय असल्यानं माझ्या वहीत हे सगळं होतं. कानाजवळ लागलेला गोचीड दोन-अडीच आठवड्यांपूर्वी काढला होता, तेही होतं. त्या तारखेवर डॉक्टरांनी बोट ठेवलं. एर्लिकिया नावाचा जंतू गोचिडाच्या चाव्यातून रक्तात शिरला की साधारण एक ते तीन आठवड्यांनी ताप दिसतो. निरोगी कुत्र्याच्या प्लेटलेट दोन ते पाच लाख असतात. चिमीच्या त्याच्या पासंगालाही नव्हत्या. नाकातलं रक्त त्यामुळेच.

आमच्या शेजारी एक कुटुंब लॅब्रॅडॉर घेऊन बसलं होतं. त्याला तशीच मरगळ आली होती. कुणीतरी मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणली, उतार पडेना म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी एक दिली. आता त्याला डांबरासारखी काळी शी होत होती, म्हणजे आतड्यात रक्त उतरत होतं. मूळ आजार काय होता हे शोधायच्या आधी डॉक्टरांना त्या गोळीशी झगडावं लागलं. ते कुत्रं वाचलं की नाही, मला कळलं नाही. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या आपल्या घरातल्या डब्यातल्या गोळ्या. आपण त्या चहाबरोबर गिळतो, कुत्र्याचं यकृत, पोट, मूत्रपिंड त्यांनी जातं. एका प्राण्याचं औषध दुसऱ्याला विष कसं होतं हे आपल्या देशानं गिधाडांच्या बाबतीत पाहिलं आहे. डायक्लोफेनॅक दिलेली गुरं मेली, ती खाऊन गिधाडं संपत आली, तेव्हा २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आणि दिलीच असेल गोळी, तर डॉक्टरांपासून लपवू नका. रागावतील म्हणून लोक गप्प बसतात आणि उपचार चुकीच्या वाटेनं जातात.

चिमीला डॉक्सिसायक्लिन मिळालं, २८ दिवसांचं. दोन-तीन दिवसांत ताप उतरला, शेपूट हलू लागली, आणि घरातून सूर निघाला की आता कशाला गोळ्या. इथेच पुष्कळांचं घोडं अडतं. अर्धवट मारलेला एर्लिकिया महिनोन्‌महिने अंगात दबून राहू शकतो, मग वर येतो तेव्हा अस्थिमज्जाच पोखरलेली असते. गोळी दुधातून देऊ नका, कॅल्शियमशी बांधली जाऊन ती पुरती लागू पडत नाही. भाताच्या गोळ्यात किंवा पोळीच्या घासात द्या, वर पाणी पाजा. गोचिडापासून होणारा दुसरा ताप बाबेसियाचा. त्यात तांबड्या पेशीच फुटतात आणि लघवी कोऱ्या कॉफीच्या रंगाची होते. त्याचं औषध वेगळं, आणि दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात. त्यामुळे ‘मागच्या वेळच्या उरल्या आहेत की गोळ्या’ हा हिशेब उपयोगाचा नाही. रक्त तपासल्याशिवाय कोणता जंतू ते कळत नाही.

गोचिडाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आमच्या भागातले निम्मे हेलपाटे त्याच्यापायी होतात. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड कायम कुत्र्याच्या अंगावर राहत नाही. पिल्लू असताना रक्त पितो, उतरतो, कात टाकतो, पुन्हा चढतो, असं तीनदा. शेवटी फुगलेली मादी उतरून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. आमच्याकडची जांभ्याची भिंत, कौलारू पडवी, जुन्या गोणपाटाचं अंथरूण म्हणजे त्यांची धर्मशाळाच. म्हणून अंगावरचे वेचून भागत नाही. फटी बुजवा, चुना मारा, गोणपाट जाळून धुता येईल असं अंथरूण घाला. अंगावरचा काढताना चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, उदबत्तीचा चटका, बोटांनी चिरडणं हे सगळं बंद. गोचीड साबणाच्या पाण्यात टाका. गुरांचं गोचिडाचं औषध अंदाजानं पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालायची पद्धत तर फार वाईट. कुत्रं अंग चाटतं, थरथरायला लागतं, आणि मग त्याच गाडीचा शोध. वजनाप्रमाणे द्यायच्या महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या गोळ्या आता मिळतात. महाग वाटतात, पण बेळगावच्या एका खेपेपेक्षा स्वस्त. कुत्र्याला फिट येत असतील तर मात्र ते डॉक्टरांना आधी सांगा, त्यातल्या काही गोळ्या अशा कुत्र्यांना देत नाहीत.

कुत्रं रानात हिंडणारं असेल तर आणखी एक. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप गेल्या दशकात सत्तरी आणि दोडामार्गापर्यंत पोचला. त्याचा गोचीड वेगळ्या जातीचा, रानातला, आणि तो रोग माणसाचा. कुत्र्याला दोष नाही, पण रानातून आलेल्या कुत्र्याला थेट अंथरुणात घेऊ नये.

आता घरच्या घरी बघायचं काय? नाक कोरडं म्हणजे ताप, ही समजूत सोडून द्या. उन्हात झोपलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. हात लावून ‘अंग तापलंय’ म्हणण्यातही अर्थ नाही, कारण त्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ असतं, आपल्यापेक्षा जास्त. बोटभर व्हॅसलीन लावून डिजिटल थर्मामीटर गुदद्वारात धरायचा. त्या थर्मामीटरवर लाल दोरा बांधून ठेवा, म्हणजे घरात गोंधळ नको. आणि हिरड्या बघा. बोटानं दाबून सोडली की हिरडी दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हे कुत्रं बरं असताना चार वेळा करा. नेहमीचा रंग ठाऊक असेल तरच बिघडलेला ओळखू येतो. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या पापणीची आतली बाजू पाहायची.

एक जेवण सोडलं, गवत खाऊन एकदा ओकलं, सकाळी रिकाम्या पोटी पिवळा फेस काढला, पण पाणी पितंय, आपल्याला पाहून उठतंय: थांबा, वहीत लिहा, फोनवर विचारा. पण हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा पिवळ्या. पोट नगाऱ्यासारखं फुगलंय आणि ओकारी येते पण बाहेर काही पडत नाही. नर पाय उचलून उभा राहतो आणि लघवीचा थेंब येत नाही. फिट पाच मिनिटांवर चालली. लहान पिल्लाला उलट्या आणि रक्ताची, घाण वासाची शी. उंदराचं औषध खाल्लेलं दिसलं. यातलं काही असेल तर उजाडायची वाट पाहू नका. उंदराच्या औषधात एक खोच आहे. काही प्रकारांत कुत्रं दोन-चार दिवस ठणठणीत दिसतं आणि मग आतून रक्तस्राव सुरू होतो. त्याचा पुडा बरोबर न्या.

मादी पाळणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत ती सारखी पाणी पिऊ लागली, मलूल झाली, मागून पू येतो किंवा पोट नुसतंच वाढतंय, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. ‘गाभण असेल’ म्हणून लोक कौतुकानं बघत बसतात. हे ऑपरेशनचं काम आहे, आणि लवकरचं. ज्या मादीची पिल्लं नको आहेत तिची नसबंदी आधीच केली तर हा प्रश्नच मिटतो.

साप चावला तर आवळून बांधणं नको, चिरा देणं नको. कुत्र्याला चालू देऊ नका, उचलून न्या, पण निघण्याआधी फोन करा आणि सापाचं इंजेक्शन दवाखान्यात आहे का ते विचारा. नसलं तर बाहेरून मिळवून ठेवायला त्यांना तुम्ही पोचेपर्यंतचा वेळ मिळतो. आपल्याकडचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं. पावसात आमच्या कुंपणावर दिसणारा हिरवा चापडा त्यात येत नाही, म्हणून साप लांबून ओळखता आला, फोटो काढता आला, तर तेवढं करा. मारायच्या भानगडीत दुसरा चावा पदरात येतो.

सगळ्यात भीती मला वाटते ती ‘घशात हाड अडकलंय’ या वाक्याची. कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय. हाड असूही शकतं. पण पिसाळण्याचा एक शांत प्रकार अगदी असाच दिसतो. त्यात कुत्रं अंगावर धावत नाही, कोपऱ्यात बसून राहतं. आणि घरातलं कुणीतरी मायेनं तोंडात हात घालतं. घालू नका. कुत्र्याला एकटं बंद करा, डॉक्टरांना बोलवा. लाळ हाताच्या खरचटलेल्या जागी लागली असेल तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात लस सुरू करा. रेबीजची लक्षणं माणसात दिसू लागली की औषध उरत नाही. कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली लस, पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखांना. शेजारच्या गोव्यानं वर्षानुवर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांना जाळ्यांनी धरून लसी टोचल्या, आणि २०२१ साली ते रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. घाट उतरला की गोवा. इथे अजून आपापल्या कुत्र्याचं आपणच बघायचं.

प्रत्यक्ष निघताना कुत्र्याला गच्च खायला घालू नका, गाडीत ओकतं. आढेवेढे न घेणाऱ्या एका गाडीवाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा, सीटवर घालायला त्याच्या देखत जुनी चादर न्या. दुखणारं कुत्रं मालकालाही चावतं. ओढणीनं तोंड बांधता येतं, पण ओकत किंवा धापा टाकत असेल तर अजिबात बांधू नका. खोकला, लंगडणं, फिट यांचा मोबाईलवर व्हिडिओ घ्या, कारण दवाखान्यात शिरल्यावर कुत्रं हमखास शहाण्यासारखं वागतं. उलटी-शीचा नमुना डबीत घ्या. लसी पुऱ्या न झालेलं पिल्लू दवाखान्याच्या जमिनीवर सोडू नका, मांडीवरच ठेवा. फिरत्या पशुचिकित्सा वाहनासाठी १९६२ हा नंबर आहे. तो मुख्यतः गाई-म्हशींसाठी असला तरी अडलेल्या वेळी विचारून बघायला हरकत नाही.

खर्चाचं बोलायला लोक लाजतात. ‘गावठी कुत्र्यावर एवढे पैसे?’ हे मी पुष्कळदा ऐकलंय, बहुतेक वेळा जिच्या घराची राखण चिमी फुकट करते तिच्याकडून. पण पैसे मोजकेच असतात हेही खरं. अशा वेळी डॉक्टरांना सरळ विचारावं: आज कोणती तपासणी टाळता येणार नाही, आणि कोणती पुढच्या खेपेला चालेल? बहुतेक डॉक्टर याचं नीट उत्तर देतात. देत नसतील तर पुढच्या वेळी दुसरे बघावेत. फक्त औषधांचा कोर्स संपल्यानंतरची रक्ततपासणी त्या टाळायच्या यादीत घालू देऊ नका. तेव्हा कुत्रं अंगणात कोंबड्यांमागे पळत असतं, आणि त्याला गाडीत घालायला घरातलं कुणी तयार होत नाही.