बर्फाने घडवलेला डोंगर

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन हे राज्य आहे. तेथील समुद्रकाठच्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानात बीहाइव्ह, म्हणजे मधमाश्यांचे पोळे, या नावाचा एक डोंगर आहे. उंची सुमारे १५८ मीटर. आपल्याकडे त्याला टेकडीच म्हणतील! पण दक्षिणेकडून चढू लागले की भल्याभल्यांचे पाय लटपटतात. समोर ग्रॅनाइटचा कडा, त्यात ठोकलेल्या लोखंडी कांबी हाच जिना, आणि पाठीमागे अटलांटिक महासागर. माथा ओलांडून उत्तरेकडे गेले की मात्र उतार सौम्य लागतो. एकाच डोंगराची दोन अंगे इतकी वेगळी का?

हे काम बर्फाचे. हिमयुगात या भागावर बर्फाचा प्रचंड थर होता आणि तो उत्तरेकडून समुद्राकडे सरकत होता. डोंगर आडवा आला की अलीकडच्या बाजूवर दाब वाढे. बर्फाच्या तळाशी रुतलेले दगडगोटे तेथला खडक कानशीसारखा घासत. दाबामुळे थोडा बर्फ वितळे. हे पाणी पलीकडे, दाब कमी होताच, खडकाच्या भेगांत पुन्हा गोठे. मग पुढे सरकणारा बर्फ ठोकळेच्या ठोकळे उपटून नेई. म्हणून उत्तर बाजू घासलेली, दक्षिण बाजू तुटलेली.

फेरीची वाटही तशीच आहे. कड्याने चढायचे, मागच्या उताराने बर्फानेच कोरलेल्या एका तळ्याकाठी उतरायचे आणि डोंगराला वळसा घालून परतायचे. सारी फेरी सुमारे अडीच किलोमीटरांची. कांबींवरून उलटे उतरू नये. पायाखालची कांब दिसत नाही, आणि वर येणाऱ्यांना वाट द्यायला जागा नसते. खडक ओला असेल तर चढूही नये.