पाठीवरचा भाता

आमच्या गावात जत्रेला रामायणातले खेळ होतात. मारुतीच्या देवळापुढे मांडव पडतो. पेटी, तबला आणि झांजा वाजू लागतात. लक्ष्मण आणि इंद्रजित यांचे युद्ध हा खेळ सर्वांना फार आवडतो. दोघेही चिलखत घालून येतात. दोघांच्याही पाठीवर भाता असतो.

भाता या शब्दाचे अर्थ दोन. लोहाराचा भाता विस्तवाला वारा घालतो. योद्ध्याचा भाता बाण ठेवतो. हा धडा बाणांच्या भात्याचा आहे. तो कसा करावा, आणि पाठीवर कसा बसवावा, ते आपण पाहू.

तुम्ही म्हणाल, सोंगाच्या भात्याचे एवढे काय? बांधला दोरीने की झाले! आम्हीही असेच म्हणत होतो. पण एका साली जे झाले, त्याने आमचे डोळे उघडले.

त्या रात्री काय झाले

त्या साली आम्ही भाता लाकडाच्या फळ्यांचा केला होता. दिसायला झकास, पण वजनाला भारी. चिलखत होते पुठ्ठ्याचे. पाठीच्या पुठ्ठ्याला दोन भोके पाडली. त्यांतून सुतळी ओवली आणि भाता अडकवला. तो खाली घसरू लागला, म्हणून सुतळीचा एक वेढा गळ्यावरून घेतला.

युद्ध रंगात आले. लक्ष्मणाने चौथऱ्यावरून उडी घेतली. त्याबरोबर पुठ्ठ्याची भोके फाटली. भाता मागे लोंबकळला. सगळे वजन गळ्याच्या सुतळीवर आले. लक्ष्मणाने दोन्ही हात गळ्याशी नेले. तोंड उघडले, पण शब्द फुटेना.

लोकांना वाटले, शक्ती लागली! "काय सोंग आणलंय पोरानं!" असे म्हणत लोक टाळ्या वाजवू लागले.

पेटीवाले काका तेवढे सावध होते. त्यांनी लक्ष्मणाच्या पदाचे सूर एकदा वाजवले. लक्ष्मण गाईना. पुन्हा वाजवले. तरी गाईना. काका ओरडले, "अरे, त्याचं पद हाय! पोरगं गात का न्हाई?" ते पेटी टाकून धावले. खिशातल्या चाकूने त्यांनी सुतळी कापली.

पोरगा वाचला. गळ्यावरचा वळ मात्र आठ दिवस राहिला. त्याची आई आम्हाला एवढेच म्हणाली, "तुम्ही टाळ्या वाजवत होता."

त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

चूक कुठे झाली

दुसऱ्या दिवशी आम्ही तुटका भाता पुढे ठेवून बसलो. वाण्याच्या काट्यावर तो तोलला. चार किलो भरला. मग आमच्या तीन चुका ध्यानात आल्या.

पहिली चूक, भाता जड केला. बाण नुसते दिसायचे असतात. त्यासाठी चार किलो कशाला?

दुसरी चूक, ओझे पुठ्ठ्याला टांगले. पुठ्ठा हा सोंगाचा कपडा. तो ओझे वाहत नाही. ओझे वाहते माणसाचे अंग. खांदा आणि कंबर ही ओझ्याची खरी जागा.

तिसरी चूक सर्वांत मोठी. गळ्याभोवती दोरी घेतली.

सुतारदादा म्हणाले, "मंडळी, दिसायचं ते बाहेर असू द्या. पेलायचं ते आत ठेवा." हे बोलणे आम्हाला पटले. सन १६५९ मध्ये शिवाजी महाराज प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला भेटले. तेव्हा त्यांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातले होते, असे बखरींत सांगितले आहे. राखणारी वस्तू आत होती, दिसणारी वर होती. आम्हीही तसेच करायचे ठरवले.

भाता करण्याची रीत

सामान साधेच लागते. खोक्याचा पुठ्ठा, जुनी वर्तमानपत्रे, बांबूच्या कामट्या, मैद्याची खळ आणि थोडी मेथी.

कामट्यांची तीन कडी करा. वरचे कडे १२ सेंटिमीटर रुंद असावे. मधले त्याहून लहान. खालचे ९ सेंटिमीटर. भाता वर रुंद आणि खाली निमुळता हवा. त्याचे कारण पुढे कळेल.

पुठ्ठा ४५ सेंटिमीटर लांब घ्या. म्हणजे सुमारे दोन वीत. पुठ्ठ्याच्या आत बारीक नळ्या असतात. त्या उभ्या राहतील, अशा बेताने पुठ्ठा कड्यांभोवती गुंडाळा. पुठ्ठा नळ्यांच्या दिशेने सरळ वळतो. आडवा वळवला तर मोडतो. बुडाला पुठ्ठ्याची गोल चकती बसवा.

मेथी रात्री भिजत घाला. सकाळी वाटून खळीत मिसळा. मेथीच्या कडूपणाने कागदाला किडा-कसर कमी लागते. आपल्या आयाबाया कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करीत, तेव्हा त्याही मेथी घालीत.

आता कागदाच्या पट्ट्या खळीत बुडवून पुठ्ठ्यावर चिकटवा. एक थर उभा द्या, एक आडवा. असे पाच थर द्या. प्रत्येक थर सावलीत वाळवा, मगच पुढचा द्या. घाई केली तर आत ओल राहते आणि बुरशी धरते. शेवटी एक दिवस ऊन दाखवा. मग रंग द्या.

थर्माकोल वापरू नका. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर आणि सजावटीच्या सामानावर बंदी आली. शिवाय थर्माकोल पटकन पेट घेतो, आणि त्याचा धूर वाईट.

बाण पाचच पुरे. त्यांना टोक ठेवू नका. खालच्या टोकाला चिंधीचा गोळा बांधा. चार बाण आत चिकटवून टाका. एकच मोकळा ठेवा. उडी मारली तरी बाण सांडणार नाहीत, आणि कोणाच्या डोळ्यालाही इजा होणार नाही.

भाता आणि बाण मिळून वजन एक किलोच्या आत ठेवा. काट्यावर तोलून पाहा. अंदाजाने बोलू नका.

पाठीची फळी

आता पेलण्याचे काम पाहू. ३० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद अशी पातळ फळी घ्या. प्लायवुड चालेल. कोपरे घासून गोल करा. पाठीकडच्या बाजूला गोणपाटाची जाड घडी लावा. फळी अंगाला बोचता कामा नये.

फळीला नवारीचे दोन पट्टे लावा. शाळेच्या दप्तराला असतात तसे. पट्टा खांद्यावरून पुढे येतो, काखेखालून मागे जातो आणि फळीच्या खालच्या कोपऱ्याला मिळतो. नवारच का घ्यायची? सुतळी बारीक असते. ती खांद्यात रुतते. नवार रुंद असते. तिच्यावर ओझे पसरते. ओझे तेवढेच, पण जाच कमी.

कमरेला तिसरा पट्टा बांधा. खांद्यावरचे काही वजन तो कमरेवर घेतो. जुन्या काळी लोखंडी कड्यांचे चिलखत घालीत. ते फार जड असे. त्यावर कमरपट्टा आवळला, म्हणजे खांद्यांवरचा भार हलका होई. तीच ही युक्ती.

छातीवर दोन्ही पट्ट्यांना जोडणारी एक नाडी बांधा. म्हणजे पट्टे खांद्यावरून घसरणार नाहीत. ही नाडी छातीवर असावी, गळ्यापाशी नव्हे.

भाता पाठीवर बसवणे

फळीच्या बाहेरच्या बाजूला नवारीचे आणखी दोन तुकडे आडवे लावा. एक वर आणि एक खाली. मध्ये एक वीत अंतर ठेवा. तुकड्याचा मधला भाग बारीक खिळ्यांनी फळीला ठोका. खिळ्यांची टोके वाकवून टाका. तुकड्याची दोन्ही टोके मोकळी ठेवा, आणि त्यांना नाड्या शिवा.

चिलखताच्या पाठीच्या पुठ्ठ्याला चार चिरा पाडा. चिरा नवारीपेक्षा बोटभर मोठ्या असाव्यात. नवारीची टोके या चिरांतून बाहेर काढा. ही टोके भात्याला वेढा घालतात. नाड्या सुरगाठीने बांधा.

आता नीट पाहा. ओझे फळीवर आहे. फळी खांद्यावर आणि कमरेवर आहे. पुठ्ठ्यावर काहीच नाही. पुठ्ठा नुसता मध्ये उभा आहे. मग तो फाटेल कसा?

भाता निमुळता का केला, तेही आता कळेल. तो नवारीच्या वेढ्यात वरून खाली सरकतो आणि पाचरीसारखा घट्ट बसतो. त्यापुढे तो खाली जात नाही.

आणि वेढे दोन का? वेढा एकच असला, तर भाता झोके खातो. जपान देशात सोळाव्या शतकात शिपाई चिलखताच्या पाठीवर निशाण लावून लढत. त्या निशाणाला साशिमोनो म्हणतात. निशाणाच्या काठीचे खालचे टोक कमरेजवळच्या खोबणीत बसे. वर दोन्ही खांद्यांच्या मध्ये एक कडे असे. काठी त्यातून जाई. एका काठीला आधार दोन, म्हणून ती जागच्या जागी राही.

नेसण्याचा क्रम

आधी सुती बंडी घाला. ती घाम टिपते.
मग फळी बांधा.
मग चिलखत चढवा.
शेवटी भाता लावा.

सोडताना उलट क्रम. आधी भाता, शेवटी बंडी.

खेळाआधीची परीक्षा

आता आम्ही जत्रेच्या आठ दिवस आधी परीक्षा घेतो. सोंग घेणारा पोरगा सगळा साज चढवून तासभर वावरतो. धावतो, बसतो, वाकतो, उडी मारतो, मोठ्याने पद म्हणतो. पद म्हणताना छाती फुगते. तेव्हा पट्टा आवळला गेला, तर तो सैल करतो.

मग एक जण मागून भाता ओढतो. काही गळ्याकडे सरकले, तर तो साज नापास. दुसरा जण सुरगाठीचे टोक खेचतो. भाता लगेच सुटून हातात आला पाहिजे.

गळ्याभोवती दोरी नाही, नाडी नाही. फुलांची माळ घालायची, तर ती कच्च्या धाग्याची. ओढली की तुटली पाहिजे. पेटलेली मशाल सोंगाजवळ आणायची नाही. कागदाला आग लागायला वेळ लागत नाही. आणि खेळात ज्याचे काम नाही, असा एक जण डोळ्यांत तेल घालून सोंगांकडे पाहत बसतो. त्याने टाळ्या वाजवायच्या नाहीत.

पुढच्या जत्रेला तोच पोरगा लक्ष्मण झाला. इंद्रजिताने त्याचा भाता मागून गच्च धरला. भाता हलला नाही. लक्ष्मण गर्रकन फिरला आणि त्याने पद सुरू केले. पेटीवाल्या काकांनी एकदाच सूर दिला. तेवढा पुरला. पोराची आई पुढेच बसली होती. पद संपेपर्यंत तिने पदर तोंडाशी धरला होता. पद संपले, आणि पहिली टाळी तिने वाजवली.

ही रीत रोजच्या कामाची

जत्रा सालातून एकदा येते. पाठीवर ओझे मात्र रोजच असते. फवारणीच्या पंपात १६ लिटर पाणी मावते. म्हणजे नुसते पाणीच १६ किलो. पट्टा दोरीने जोडलेला असेल, तर तो खांदा कापतो. तेथे रुंद नवार शिवून घ्या. पंप पाठीला चिकटून राहील, असा बांधा. लोंबता पंप माणसाला मागे ओढतो.

मुलांच्या दप्तराचेही तसेच. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नसावे, असे २०२० साली केंद्र सरकारच्या धोरणात सांगितले आहे. मूल २५ किलोचे असेल, तर दप्तर अडीच किलोपर्यंत. आज संध्याकाळी आपल्या घरचे दप्तर काट्यावर ठेवून पाहा.

सांगा पाहू

१. लक्ष्मणाला गाता का आले नाही?
२. ओझे अंगाच्या कोणत्या भागांवर असावे?
३. सुतळीपेक्षा नवार बरी, ती का?
४. भात्याला वेढे दोन का घालतात?
५. तुमच्या घरी पाठीवर कोणती ओझी वाहतात? त्यांचे पट्टे कसे आहेत, ते पाहून दोन ओळी लिहा.