पदवीची वर्षे आणि श्रेयांकांचा हिशेब

बारावीचा निकाल हाती येताच पालकांच्या तोंडी जो प्रश्न सर्वप्रथम येतो, तो पदवी तीन वर्षांची की चार वर्षांची हा होय. परंतु राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अनुरोधाने विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा जाहीर केला, त्यात पदवीचे खरे परिमाण वर्ष हे नसून श्रेयांक, म्हणजे महाविद्यालयाच्या कचेरीत ज्याला सर्रास क्रेडिट म्हणतात ते, हे ठरले आहे. वर्गातले पंधरा तासांचे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक, आणि प्रयोगशाळेतले तीस तास म्हणजेही एकच. असे किमान १२० श्रेयांक जमा झाले की त्रिवर्षीय पदवी, आणि १६० झाले की चतुर्वर्षीय ऑनर्स. महाराष्ट्र शासनाने या मर्यादा अनुक्रमे १३२ व १७६ पर्यंत वाढविण्याची मुभा ठेवल्यामुळे आपल्याकडे एका सत्रास २२ श्रेयांक हा प्रघात पडला आहे.

विद्वत्ता तासांत मोजण्याची ही रीत मुळात अमेरिकेतील, आणि तिचा उगम ज्ञानमीमांसेत नसून निवृत्तिवेतनात आहे, ही गोष्ट मला नेहमीच उद्बोधक वाटत आली आहे. अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले, तेव्हा कोणती महाविद्यालये त्यास पात्र, हे ठरविण्यासाठी त्यांच्या संस्थेने प्रवेशार्थींच्या शालेय शिक्षणाचे तासांवर आधारलेले माप निश्चित केले, आणि तेच पुढे महाविद्यालयांच्या अंगवळणी पडले. या मापाने हजेरीचा हिशेब चोख लागतो. आकलनाचा लागेलच असे नाही.

तथापि नुसती बेरीज पुरी झाली म्हणून पदवी पदरात पडत नाही. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक, कौशल्य, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्यक्ष कार्यानुभव अशा प्रत्येक सदरात नेमून दिलेले श्रेयांक त्या त्या सदरातच रुजू व्हावे लागतात. एका सदरातील शिल्लक दुसऱ्या सदराची तूट भरून काढीत नाही, आणि हा खुलासा पुष्कळांना सहाव्या सत्राच्या अखेरीस होतो, जेव्हा त्याचा काही उपयोग नसतो. म्हणून प्रत्येक सत्रानंतर अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधील आपले खाते उघडून गुणपत्रिकेशी ताडून पाहावे.

पहिल्या वर्षानंतर ४० श्रेयांक आणि त्यावर ४ श्रेयांकांचे व्यावसायिक काम पुरे करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची, तीन वर्षांच्या आत परतण्याची आणि एकूण सात वर्षांच्या मुदतीत पदवी पुरी करण्याची जी तजवीज आहे, ती घरातील कर्ता पुरुष अकस्मात अंथरुणाला खिळल्यामुळे शिक्षण सोडावे लागणाऱ्या मुलीस खरोखर न्याय देणारी आहे. अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून तिचा अवलंब करणाऱ्याने मात्र एवढे ध्यानी घ्यावे की, लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेस पदवीच लागते, प्रमाणपत्र चालत नाही. त्याच परीक्षेस त्रिवर्षीय पदवी पुरेशी असल्याने केवळ शेजारच्या मुलाने घेतले म्हणून चौथे वर्ष घेण्याचेही प्रयोजन नाही. ज्यांना संशोधनाकडे वळायचे आहे व पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण आहेत, त्यांनी ते अवश्य घ्यावे, कारण पुढील पदव्युत्तर शिक्षण त्यांना एका वर्षात आटोपता येते.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी आकड्यांच्या साम्यास भुलू नये. अमेरिकेतील पदवीही साधारण १२० श्रेयांकांचीच, परंतु ती वर्षाला ३० या गतीने चार वर्षांत पुरी होते, आपली ४० च्या गतीने तीन वर्षांत. युरोपात तर वर्षाला ६० धरून तीन वर्षांचे १८० होतात. तेव्हा तेथील प्रवेशाधिकारी नुसती बेरीज पाहून स्वस्थ बसत नाहीत. ते वर्षे आणि तास दोन्ही तपासतात, आणि काही विद्यापीठे सोळा वर्षांच्या एकूण शिक्षणाचा आग्रह धरतात. यास्तव प्रत्येक विषयाचा तासांसह छापलेला अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या सहीशिक्क्यानिशी त्या त्या वर्षीच मागून घ्यावा. अभ्यासक्रम बदलला की जुनी प्रत मिळविण्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात.