दाताच्या डॉक्टरांची भीती



पनवेल तालुक्यातील कातकरी वाड्यांवर दाढ ठणकली की पुष्कळ जण मिश्री दाबून दिवस काढतात. ‘दाढ काढली की नजर जाते,’ हे मी अनेकदा ऐकते. नजरेची नस वेगळी, दातांची वेगळी, हे आधी समजावावे. इंजेक्शन क्षणभर टोचते. मग हिरडी बधिर होते. दाब जाणवतो, कळ सहसा येत नाही. दुखल्यास हात वर करीन, असे डॉक्टरांना आधीच सांगावे. गालाला सूज किंवा ताप असेल तर मात्र थांबू नये. पू पसरून जिवावर बेतू शकते.

कामोठ्याला एमजीएम दंत महाविद्यालय आहे. ‘भिऊ नको’ म्हणणे सोपे. खुर्चीपर्यंत सोबत जाणे ही सेवा. तुम्ही कोणासोबत जाल?