‘दे’, ‘हवे’ आणि ‘नको’ : द्विभाषिक बालकाची पहिली मागणी

बालकाची भाषा नामांपासून सुरू होते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः शब्द येण्यापूर्वीच बालक हात पुढे करून, बोट दाखवून आणि विशिष्ट स्वर काढून मागणी करीत असते. एम. ए. के. हॅलिडे यांनी आपल्या मुलाच्या भाषेचे निरीक्षण करून १९७५ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ‘मला हवे’ हे भाषेच्या आद्य कार्यांपैकी एक मानले आहे. हे कार्य एकाहून अधिक भाषांच्या परिसरात कसे घडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

त्यासाठी छत्तीसगढमधील भिलाईलगतच्या जामुलचे उदाहरण घेऊ. १९५६ पर्यंत हा प्रदेश आणि नागपूर एकाच प्रांतात होते, व नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. त्यामुळे येथील मराठीला जुना आधार आहे. पुढे भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे या परिसरात आली. खुद्द जामुल सिमेंटच्या कारखान्यासाठी ओळखले जाते. अशा वस्तीतील मराठी घराच्या आत मराठी, शाळेत व बाजारात हिंदी आणि शेजारी छत्तीसगढी, अशी भाषांची वाटणी सहज संभवते.

या घरातील दीड वर्षाचे मूल पेल्याकडे पाहून ‘दे’ म्हणाले, तर ते कोणत्या भाषेत बोलले? मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी या तिन्ही भाषांत हे रूप एकच आहे. ते ‘पानी’ म्हणाले, तरी निर्णय होत नाही. तो हिंदी शब्द असू शकेल, ‘ण’ न साधल्यामुळे झालेला मराठी शब्द असू शकेल, किंवा घरात वऱ्हाडी वळणाची मराठी असल्यास मोठ्यांचाच उच्चार असू शकेल. अशा शब्दांची भाषावार मोजणी करून मुलाच्या मराठीविषयी अनुमान काढणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

वाक्यरचनेकडे वळल्यास साम्य अधिकच दृढ होते. मराठीत ‘मला पाणी पाहिजे’, हिंदीत ‘मुझे पानी चाहिए’ आणि छत्तीसगढीत ‘मोला पानी चाही’. तिन्ही ठिकाणी मागणारा कर्ता म्हणून प्रथमेत येत नाही. इच्छा जणू त्याच्याकडे चालत येते. ‘मला’ आणि ‘मोला’ यांत तर केवळ एका स्वराचे अंतर आहे. ‘पाहिजे’ व ‘चाहिए’ ही दोन्ही रूपे जुन्या कर्मणी रचनेतून आली आहेत. म्हणजे मूल दोन-तीन भाषा शिकत असले, तरी इच्छा व्यक्त करण्याचा साचा त्याला एकदाच आत्मसात करावा लागतो.

भेद दिसतो तो दोन जागी. पहिली जागा ‘हवे’ची. दूध हवे, पोळी हवी, लाडू हवा. येथे मागितलेल्या वस्तूचे लिंग मुलाला ठाऊक असावे लागते. ‘चाहिए’ला ते लागत नाही. दुसरी जागा ‘नको’ची. लोइस ब्लूम यांनी १९७० मध्ये बालकाच्या नकाराचे अभाव, अस्वीकार आणि खंडन असे तीन अर्थ वेगळे केले. हिंदीत या तिन्हींसाठी ‘नहीं’ चालते. मराठीत मात्र अस्वीकाराला ‘नको’ हा स्वतंत्र शब्द आहे. खाऊ संपला तर ‘नाही’, पुढे केलेला घास परतवायचा तर ‘नको’. म्हणून अशा मुलाच्या बोलण्यात मराठीची निःसंदिग्ध खूण मागण्यापेक्षा नाकारण्यात आधी सापडण्याचा संभव आहे.

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. मूल शब्दांची सरमिसळ करू लागले, की ‘गोंधळ होतो, घरात हिंदीच बोला’ असा सल्ला अनेक कुटुंबांना मिळतो. व्होल्तेरा आणि टेश्नर यांनी १९७८ मध्ये द्विभाषिक बालकाजवळ आरंभी एकच मिश्र शब्दकोश असतो, असे मांडले होते. परंतु फ्रेड जेनेसी यांनी १९८९ मध्ये त्या निष्कर्षाचा फेरविचार केला आणि सरमिसळ हा भाषांचा भेद न कळल्याचा पुरावा नव्हे, हे दाखवून दिले. समोरच्या व्यक्तीप्रमाणे भाषा बदलण्याची जाण दोन वर्षांच्या सुमारासच दिसते, असे त्यानंतरच्या अभ्यासांतही आढळले आहे.

तेव्हा जामुलसारख्या ठिकाणी विचार करावा लागतो तो भाषेच्या पुरवठ्याचा. हिंदी आणि छत्तीसगढी गल्लीतून मिळतील. ‘हवा-हवी-हवे’ आणि ‘नको’ ही रूपे घराखेरीज कोठून मिळणार? मुलाने ‘पानी दे’ म्हटले असता ते न दुरुस्त करता ‘तुला पाणी हवंय का? घे हं’ असे उत्तर देणे, एवढेच घराचे काम आहे. मुलाची मागणी पुरी होते आणि त्याच वाक्यात त्याला मराठीही मिळते. इच्छेला तत्काळ फळ मिळते, म्हणून या वयातील शब्द पक्का रुजतो. घराने या वयात मराठी सोडली, तर पुढे शाळेने ती शिकवली तरी मागण्याची आणि नाकारण्याची भाषा म्हणून ती पुन्हा रुजणे कठीण असते.