गाभण मेंढी अचानक बसली तर

अगं, आधी ते रडणं थांबव. दाणा कमी पडला म्हणून मेंढी बसली नाहीये. उलट तू मायेने मका भरडा वाढवत गेलीस ना, गोम तिथेच आहे बघ. मक्यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच. फॉस्फरस मात्र त्याच्या दहापट. आणि विण्याआधीच्या शेवटच्या दीड महिन्यात पोटातल्या कोकराची हाडं भरत असतात. जुळं असेल तर विचारूच नकोस! त्यात दिवसभर उपाशी चालवलंस किंवा चारा एकदम बदललास, की रक्तातलं कॅल्शियम धपकन उतरतं.

खरं सांगू का, मीही हेच केलंय. माझी पहिली मेंढी थरथरायला लागली, पाय मागे टाकून बसली, पोट फुगलं, लाळ गळायला लागली. मी काय केलं? आधी दृष्ट काढली, मग तोंडात गूळपाणी ओतलं. असल्या जनावराला धड गिळता येत नाही गं, पाणी थेट फुप्फुसात जातं. वाचली ती माझ्यामुळे नाही, डॉक्टरांमुळे.

म्हणून डॉक्टरांना बोलवायला सकाळची वाट बघू नकोस. काही तासांतच मेंढी हातची जाते. डॉक्टर येईपर्यंत तिला आडवी पडू देऊ नकोस, छातीवर बसती ठेव आणि दोन्ही बाजूंनी पोती लाव. कॅल्शियमची बाटली अंगाच्या उबेइतकी कोमट करून दे त्यांना. पण शिरेत सुई घालायच्या भानगडीत तू पडायचं नाहीस! भरभर गेलं तर काळीज बंद पडतं. नीट दिलं तर बघ, बऱ्याचदा अर्ध्या तासात ढेकर देते, लेंड्या टाकते, उठून उभी राहते. नाहीच उठली तर साखर कमी पडल्याचा आजार आहे का, तेही विचार त्यांना. दोन्ही दुखणी गाभणपणात येऊ शकतात.

आता उरलेल्यांचं. शंभर किलो दाण्यात किलोभर चुनखडीची भुकटी मिसळ. पानाचा चुना नव्हे हं! मी सासूबाईंची डबी रिकामी केली होती, मेंढ्यांनी तोंड फिरवलं आणि सासूबाईंनीही. शिवाय लसूणघास, भुईमुगाचा पाला दे, त्यात कॅल्शियम भरपूर. बांधावरच्या घोळीवर मात्र उपाशी कळप सोडू नकोस, तिच्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

आणि रात्री उठून तुझी दुसरी गाभण मेंढी एकदा चालवून बघ. मागचे पाय ताठ टाकत असेल तर लगेच फोन कर. मी जागीच आहे.